डावखुरा

रिक्षावाल्याशी सुट्ट्या पैशांवरून माझं चालू होतं,
तोवर यल्लप्पाकाका पुढे गेलेसुद्धा.
जंगली महाराज रस्त्याचे हॉर्न मागे टाकून
पाताळेश्वराच्या अंगणात उतरले, चपला हातात घेऊन.

आत माठाच्या पोटातला गारवा.
खांबाआड कॉलेजातली दोघं अभ्यास करत होती,
निदान वही तरी उघडी होती.
मी पिंडीपुढे हात जोडले, डोळे मिटले,
उघडले तर काका देवाकडे पाठ करून उभे.
चष्मा कपाळावर,
नाक भिंतीला टेकेल इतकं जवळ.

"छिन्नी बघ," म्हणाले.
"समदीकडं अशी पडलीय.
आन् ह्या हातभर जागेत उलटी.
डावखुरा व्हता गडी."

मला भिंतच दिसत होती.

वाघोलीच्या खाणीत काकांची उमर गेली.
उतारवयात पेठांतून हिंडायचे,
टाकीऽऽय, पाट्याला टाकीऽऽय.
घराघरात मिक्सर आले.
त्या हाकेला ओ देणारी
शेवटची बाई कोण होती, त्यांना नावानिशी ठाऊक आहे:
शनिवारातल्या चिपळूणकरबाई,
चहा द्यायच्या, पण कप वेगळा.

कडेचा दगड तसाच राहिलेला, अर्धामुर्धा.
मी म्हटलं, लढाई झाली असेल,
राजा गेला असेल,
खडकात चीर निघाली असेल.
काका म्हणाले, "नायतर मजुरी थकली."

आणि न राहवून बोट टेकवलं त्यांनी,
त्या उलट्या रेघेत.
शिट्टी वाजली. "ओ आजोबा, हात नाही लावायचा."
काकांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले,
शाळेत कधी गेले नव्हते तरी.

बाहेर नंदीच्या गोल मंडपापाशी विचारलं,
"किती वर्सं झाली म्हणतेस?"
"बाराशेच्या वर."
बराच वेळ हिशेब करत राहिले.
"पाट्याची टाकी सहा म्हैन्यात झिजायची."

निघू या म्हटलं तर म्हणाले, थांब.
पुन्हा आत गेले.
शिट्टीवाला बघत होता, म्हणून हात पाठीमागेच,
आणि भेगाळलेले तळवे जमिनीवर
सावकाश घासत, थांबत, मागे येत,
आंधळ्यानं चेहरा चाचपावा तसे
भिंतीच्या कडेकडेनं चालत राहिले.

पायांना कोणी काही म्हणालं नाही.

माझा मोबाईल वाजत होता.
मी तो वाजू दिला.