जमा-नावे

क्लॉथ मार्केटातल्या शेठजींची कोरी उरलेली वही
बाबांनी आणून दिली. म्हणाले, यात मांड
पुढची दहा वर्षं.

जमा: बी.कॉम., सियागंजात चार वर्षं विम्याचे दावे.
नावे: भंवरकुव्याचे दोन क्लास, तीनदा हुकलेली पीएससी,
आणि वय. ते पेन्सिलीनं.

खालच्या मजल्यावरच्या उल्काला ऐकू येत नाही.
तिच्याशी भांडता भांडता हातांची भाषा शिकले,
फी न देता.
परवा एमवायमध्ये डॉक्टर आणि ती, मध्ये माझे हात.
निघताना डॉक्टर म्हणाले,
याचे पैसे मिळतात, ठाऊक आहे?

हे कुठल्या रकान्यात?
बाबा चष्मा पुसत बसले.

मी वही फिरवली.
मधली उभी रेघ आडवी झाली.
तिच्यावर आधी तारीख घातली.