लाईन

आमच्या घरात हा शब्द रोज जेवायला असायचा,
बाबांच्या शेजारी, खाकी बाहीला
ग्रीसचा वास घेऊन.
जेलरोडला सबस्टेशनमागे दोन खोल्या,
आणि रात्री-अपरात्री दारावर थाप:
गांगुर्डेभाऊ, लाईन गेली.
कुठे गेली, मी विचारायची.
मला वाटायचं ती चालत जाते,
दसकपर्यंत, पुढे नदीत पाय सोडून बसते,
आणि बाबा तिला कडेवर घेऊन परत आणतात.

पहिलीत बाई म्हणाल्या, सगळ्यांनी लाईनीत या.
मी आले नाही.
लाईनीला हात लावायचा नाही, घरी सांगितलं होतं.
बाई हसल्या नाहीत.

नववीत सायली पाळदे कानात म्हणाली,
तो बघ, चेतन तुझ्यावर लाईन मारतोय.
मी वर पाहिलं, खांबाकडे.
संध्याकाळी घरी विचारलंसुद्धा.
बाबा भाकरी मोडत होते. म्हणाले,
लाईन मारत नसतात, बेटा, ओढतात.
आईला जो ठसका लागला
तो अजून आमच्याकडे सणावाराला निघतो.

मग ती सगळीकडेच दिसायला लागली.
मामा म्हणाला, हिला सायन्स लाईनला टाका.
ब्यूटी पार्लरचं नाव काढलं तर म्हणाला, ती लाईन बरी नाही.
शेजारचा किसन लग्नानंतर लाईनवर आला,
म्हणजे घरी बसून प्यायला लागला.
सिडकोतल्या एका मुलाची लाईन क्लिअर आहे,
मध्यस्थ बाई चहा पिता पिता सांगून गेल्या.
क्लिअर म्हणजे काय, तर घरात सासू नाही.

आता माझं बिटकोजवळ डीटीपीचं दुकान आहे.
का भो, असं म्हणत लोक आत येतात.
ताई, एक लाईन वाढवा, मामांचं नाव राहिलं.
ताई, ही लाईन उडवा, ते आता आपल्यात नाहीत,
नाहीतर असू द्या, आधी कै. लावा.
लाईनीमागे पैसे घेते मी.
कुणाला कुठे बसवायचं, कुणाला खाली ढकलायचं,
आख्खं खानदान माझ्या माऊसखाली.

बाबांनी मला एकच गोष्ट दोनदा सांगितली.
पंडितकाकांच्या दहाव्याला, आणि एकदा उगाच,
टीव्ही बघताना.
लाईन डेड आहे असं साहेब सांगो नाहीतर देव,
आधी अर्थिंग करायचं, मग हात.
पंडितकाका चढले तेव्हा ती बंदच होती.
पलीकडच्या गल्लीत कुणाची हळद होती,
त्यांच्या जनरेटरचा करंट उलटा आला.
मी हे कुणाच्या हळदीत सांगत नाही.
पण पत्रिका छापताना आठवतं.

परवा बाबांना दवाखान्यात ठेवलं.
पाचव्या दिवशी पहाटे
सिस्टर भोये बाटलीखाली उभ्या राहिल्या,
नळी चिमटीत धरली, हात सुजलेला पाहिला,
आणि कुणाला तरी हाक दिली:
अगं, अकरा नंबरची लाईन गेली.
तीन दिवस न बोललेले बाबा
डोळे न उघडता म्हणाले,
कुठल्या फीडरची?

मला हसू आलं, मग आलं नाही.
सिस्टरला काही कळलं नाही.
दुसरी घ्यावी लागेल, बाबा, त्या म्हणाल्या.
परमिट घेतलंय का?
घेतलंय, मी म्हणाले.
साहेबांची सही?
झाली.

त्यांनी हात पालथा केला.
दोन बोटांनी थोपटत,
खांब चढून चढून खरबरीत झालेल्या त्या कातडीखाली
शीर शोधू लागल्या.
इथे नाही. इथेही नाही. इथे थोडी आहे.
बाबा आता डोळे उघडून बघत होते,
नवा हेल्पर पहिल्यांदा खांबावर चढताना
खालून बघावं तसं,
मान वर, तोंड किंचित उघडं.
सुई आत गेली.
थेंब पडायला लागले.
मग ते म्हणाले,
जमेल तुला.