बावन्नावी रात्र

फोनवरच्या बाईंचा आवाज मऊ होता.
"मिस्टर खांबेटे, मुलगी वर्षातून किती रात्री
तुमच्याकडे झोपते?"

दिवस नाही विचारले.
दिवसांना त्यांच्या तक्त्यात रकानाच नाही.
शाळेतून आणणं, पोहायला नेणं,
नऊच्या पाढ्यावर दोघांनी रडकुंडीला येणं,
आणि संध्याकाळी सहाला विशाखाच्या दारात सोडलं
की सगळं शून्य.
रात्र मात्र मोजतात. उशीला डोकं टेकायला हवं.

मी डायरी काढली.
स्विंडनच्या गोदामात याच्या-त्याच्या हातापाया पडून
पाळ्या बदलून मिळवलेले शनिवार,
प्रत्येकावर पेन्सिलीची बारीक फुली.
एक्कावन्न.

बावन्नपासून सवलत लागते, त्या म्हणाल्या,
सातवा हिस्सा कमी.
गणितात मी कधीच कच्चा नव्हतो.
आठवड्याचे पाचशे साठ, त्याचे बारा टक्के
सदुसष्ट पौंड वीस पेन्स,
त्यातला सातवा हिस्सा नऊ पौंड साठ.
वर्षाचे पाचशेला ऐंशी पेन्स कमी.
एका फुलीत बॉयलर दुरुस्त झाला असता.

तशी एक रात्र होतीही.
फेब्रुवारीतली. केयाच्या छातीत शिट्ट्या वाजायला लागल्या
आणि अंथरूण घालायच्या आतच आम्ही इस्पितळात.
विशाखा आली, गाऊनवर स्वेटर, पायांत दोन वेगळे मोजे.
पलंगाच्या अल्याड ती, पल्याड मी,
मध्ये केया, नाकावर मास्क,
आणि प्लास्टिकच्या खुर्च्या, ज्यांवर
माणूस झोपत नाही, फक्त कलंडतो.
चारच्या सुमारास ती कलंडली.
मी माझा कोट तिच्या खांद्यांवर टाकला.
सकाळी तिने तो घडी घालून परत दिला,
बाही आत दुमडून, पूर्वी घालायची तशी.
बोललो काहीच नाही.

ती रात्र कुणाच्या खात्यात?

"हॅलो? आहात ना?"

एक्कावन्न, मी म्हटलं.

मोठेपणा नव्हता त्यात.
पुरावा मागितला असता तर विशाखाला विचारावं लागलं असतं,
आणि तो कोट मला
सातव्या हिश्शात बसवायचा नव्हता.
फोन ठेवल्यावर बॉयलर आठवला, तेव्हा
स्वतःलाच एक शिवी हासडली, हेही खरं.

पुढच्या शनिवारी, त्या भल्यामोठ्या चौकात,
जिथे एका वर्तुळाभोवती पाच वर्तुळं फिरतात
आणि दहा वर्षांनीही मी श्वास रोखून शिरतो,
मागच्या सीटवरून प्रश्न आला:
"बाबा, मी महाग आहे का?"
"कोण म्हणालं?"
"आईच्या फोनवर तुझं नाव येतं. पुढे आकडा."

मी चुकीच्या वर्तुळातून बाहेर पडलो.
"आहेस महाग," मी म्हटलं.
"किती?"
"पोहण्याच्या चष्म्याच्या सातपट."
"दर आठवड्याला?"
"दर आठवड्याला."
ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत हसत राहिली.

रात्री दात पडला.
आमच्याकडे दात कौलांवर फेकायचे, मी सांगितलं,
उंदराचे दात मागायचे.
"इथे परी येते," केया म्हणाली, जरा कीव करत,
"आणि आईकडे दर दोन पौंड आहे."
दात उशीखाली. डोकं उशीवर.

साडेअकराला खिसे उलटे केले.
एक पौंड, आणि सुपरमार्केटच्या ट्रॉलीत घालायचा
तो खोटा बिल्ला.
कोपऱ्यावरचं दुकान उघडं होतं,
पण झोपलेल्या पोरीला एकटं टाकून
जिना उतरायचा कसा?

मग डायरीचंच एक कोरं पान फाडलं,
डाव्या हाताने, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून,
लिहिलं: एक पौंड पोचता केला.
एक बाकी.
सही: परी.