लाख

डार्लिंग्टन. साडेचारलाच अंधार.
खिडकीत माझाच चेहरा, आणि त्याच्या आरपार
मालगाडीचे डबे, कुणीतरी ओळ खोडत जावं तसे.
समोर तक्ता उघडा:
ओळ दोनशे चौदा. ग्रामीण बससेवा. अनुदान.
परिवहन खात्याचं पत्र आलंय, अकरा पानी.
पहिल्या पानावर आदर, शेवटच्यावर आकडा,
मधली नऊ पानं गहिवर.
आमच्याकडे गहिवराला रकाना नाही.

लोकांना वाटतं, इथे पैसा असतो.
इथे चहाचे डाग पडलेले मग असतात,
एक कुंडी, जिला पाणी कुणी घालायचं हे ठरलेलं नाही
म्हणून ती वाळत चाललीये,
आणि 'नाही' हा शब्द, नाना तऱ्हांनी लिहिलेला:
'आपल्या मागणीची नोंद घेतली आहे.'
'प्राधान्यक्रमाचा पुनर्विचार व्हावा.'
'आपल्याच मर्यादेत बसत असल्यास आमची हरकत नाही.'
शाळा बांधतं ते वेगळं खातं, पूल बांधतं ते वेगळं.
फीत कापायला मंत्री जातात.
आम्ही विचारतो, फीत एवढी लांब कशाला?

तरी मी या टेबलाच्या बाजूनं बोलेन.
प्रत्येक खातं आपापलं दुःख घेऊन येतं
आणि वाईट हे, की प्रत्येकाचं खरं असतं.
सगळ्यांच्या 'हो'ची बेरीज
कुठेतरी, कुणालातरी करावीच लागते.

माझे वडील राजापूरला उपकोषागारात होते.
संध्याकाळी मुद्रांकांच्या पेट्या बंद करून
मेणबत्तीवर लाख वितळवायचे, लाल, ठिबकती,
आणि शिक्का उमटेपर्यंत श्वास धरून उभे राहायचे.
रविवारीसुद्धा बोटांना तो वास.
मला तेव्हा वाटायचं,
एक लाख म्हणजे तो एक थेंब.

इथे लाख नाहीतच.
दहा लाखांखालचं काही आमच्या तक्त्यात दिसत नाही,
शून्य पूर्णांक काहीतरी होतं, मग गोल होतं,
आणि गोल झालं की घरंगळतं.

लंडनहून पडद्यावर ह्यू ऑर्मरॉड म्हणाला,
'चार मिलियन शोध, शुक्रवारपर्यंत,'
जणू ते सोफ्याखाली गेलेत.

त्या रात्री थांब्यावर मिसेस थर्लवेल होती.
नाव तिनंच सांगितलं, न विचारता.
दर मंगळवारी ती बहिणीकडे जाते, डॉमिनो खेळायला.
बहिणीशी तिचं पटत नाही. 'लबाड आहे, ठिपके लपवते.'
'तू काय करतेस गं?'
'ट्रेझरीत आहे.'
'मग पैसे तुझ्याकडेच की!' दात न लपवता हसली.
'सांग त्यांना, सात-दहाची गाडी बंद करू नका.'
त्यांना.
मी हो म्हटलं.
इतकं सहज 'हो' मी कधी म्हटलं नव्हतं,
आणि त्याला काही खर्चही आला नाही.

गाडीत ती, मी,
हॉकीची काठी कवटाळून झोपलेला एक मुलगा, आणि ड्रायव्हर.
चाळीस जागा. मी मोजल्या.
माणशी किती पडतं तेही काढलं, रिंगरोड येईतो.
आकडा सांगण्यासारखा नव्हता.

शुक्रवारी ओळ दोनशे चौदा मी तशीच ठेवली.
शेऱ्यात लिहिलं: 'प्रवासीसंख्येची अधिक माहिती अपेक्षित.'
डॉमिनो लिहिता येत नाही.
आणि चार मिलियन काढले
ओळ दोनशे एकतीसमधून.
तिथे काय आहे, मला ठाऊक आहे, शीर्षक वाचलंय.
तिथलं कुणी मला थांब्यावर भेटलं नव्हतं, एवढंच.

बेरीज जुळली. खाली हिरवी खूण आली.
ह्यूनं अंगठा पाठवला.
कळ दाबताना मी श्वास धरला होता
हे मागाहून कळलं.
कुणी पाहत नाहीसं बघून
बोटं नाकाशी नेली.

कशाचाच वास नव्हता.