ओठ मिटणारी अक्षरं

पहिल्या दिवशी तिला फक्त रडायला बोलावलं होतं.
लांकविट्झचा स्टुडिओ, एकोणपन्नास साल,
गर्दीत एक मूल हरवतं, तेवढंच काम.
मोबदला पाच मार्क आणि वाटीभर गरम सूप.
रोस्विथा कुपके, वय सतरा,
इतकं खरं रडली की साउंडवाल्यानं
काच ठोठावून विचारलं, कुणी गेलं का गं तुझं?
ती म्हणाली, हो, पण ते या टेकमध्ये नको.

मी तिथे फिल्म कापायचे.
एकेका वाक्याची पट्टी, तिचं वेटोळं.
पडद्यावर कुणी परकी बाई
तेच ते वाक्य मुक्यानं बोलत राहायची,
आणि रोस्विथा अंधारात, बूट काढून,
पोटावर उशी बांधून
(भूक माइकला आपल्याआधी ऐकू जाते)
तिच्या ओठांवर टपून असायची,
बिळापाशी मांजर असतं तशी.

प, ब, म.
तिकडे ओठ मिटले की इकडेही मिटलेच पाहिजेत.
बाकी अक्षरांत थोडी लबाडी खपते.
इटालियन प्रेमात म आहे, आमच्या प्रेमात ब,
तेवढी देवाची कृपा.
पण त्यांचं प्रेम तीन अक्षरांचं, आमचं दोन.
उरलेल्या एका अक्षरात
रोस्विथा श्वास घ्यायची.

चोपन्न साली तिला रोमची ती बाई मिळाली,
पुढच्या दातांत फट असलेली.
दुसऱ्याच्या ओंजळीनं पाणी पिऊ नये म्हणतात.
ही बावीस वर्षं दुसरीच्या ओठांनी
भांडली, बाळंत झाली, नवरे सोडले,
तीनदा मेली, त्यातली एक मरणं
सर्दी झाल्यामुळे पुन्हा करावी लागली.
कसायाच्या दुकानात
‘शंभर ग्रॅम कलेजी’ म्हणाली की
अख्खी रांग वळून बघायची,
आणि जरा हिरमुसायची.

मग शहराच्या मधोमध भिंत आली.
बहीण गेर्डा पलीकडे, पांकोला.
पण अँटेना कुणाचं ऐकते?
शनिवारी रात्री तिकडच्या टेलिव्हिजनवर
इकडचा सिनेमा उतरायचा, पडदे ओढून घेतलेल्या खोल्यांत.

बासष्टमध्ये एक दृश्य होतं:
बाई स्वयंपाकघरात, मुलीला वाढतेय.
कागदावर होतं, ‘खा, थंड होतंय.’
रोस्विथा म्हणाली, ‘खा, क्लीस्ला थंड होतंय.’
दिग्दर्शक म्हणाला, असा शब्दच नाही.
आहे, ती म्हणाली. आईचा होता, गावाकडचा.
आता दोन माणसं बोलतात.
टेक गेला. कापायचं काम माझं होतं.
मी कापला नाही.

पुढच्या नाताळात एका दिवसाचा परवाना मिळाला.
दारातच गेर्डा म्हणाली,
ऐकलं मी.
पण तो शब्द त्या बाईच्या तोंडात बसत नव्हता.
ओठ आधीच थांबले होते तिचे.
मग दोघी खूप हसल्या म्हणे.
मी तिथे नव्हते. रोस्विथानं सांगितलं,
आणि सांगताना ती कधी नव्हे ती अडखळली.

शहात्तरला कुणी नवा निर्माता आला.
आवाज आता थोराड वाटतो, म्हणाला.
पडद्यावरची बाई हिच्याहून सहा वर्षांनी मोठी होती,
पण तिला कोण सांगणार!
रोस्विथानं माइकचं झाकण नीट लावलं,
बूट घातले. नाड्या बांधायला वेळ घेतला.

ती रोमची बाई गेली, तेव्हा रेडिओनं हिला फोन केला.
काय वाटतं तुम्हाला?
ही गप्प. चार सेकंद.
माझ्या सवयीप्रमाणे मी मोजलं, शहाण्णव फ्रेम.
दोघींची भेट कधी झाली नव्हती.
‘ती कुठे श्वास घेते ते मला माहीत होतं,’
एवढंच म्हणाली, आणि त्यांनी तेही प्रसारणात कापलं.

नियम असा होता:
मूळ बाईनं श्वास घेतला नसेल, तर हिचाही नको.
म्हणून मी तिचे श्वास कापत गेले,
बोटभर लांबीच्या तपकिरी पट्ट्या,
आणि फेकायला हात होईना.
बिस्किटांचा डबा भरला, मग दुसरा.
अजून आहेत कपाटावर.
वाजवायचं यंत्र आता कुणाकडेच नाही.
झाकणावर माझ्याच अक्षरात लिहिलंय:
कुपके, चोपन्न ते शहात्तर.
वापरू नये.