पावाच्या टोपलीतून

त्या शनिवारी फळ्यावर अर्धी बेरीज सोडून आले.
सोमवारी पुरी करू म्हटलं,
हातचा एक वरती कोपऱ्यात लिहिला,
खडू खिडकीच्या चौकटीवर ठेवला.

सोमवारी शाळाच नव्हती. हुकूम होता.
पुढच्या आठवड्यात रायबंदरच्या धक्क्यावर पोलीस,
आडवी दोरी, आणि पलीकडे चोडण
नदीच्या रुंदीइतकंच दूर.
म्हणजे दिसत होतं सगळं,
माड, खारफुटी, बोटीची वाट बघणारा कुत्रा,
फक्त माझे सतरा जण सोडून.

फोनवरून शिकवा, म्हणाले.
सतरांत फोन पाच.
त्यातले दोन बापाच्या खिशात, बाप मासळीला,
आणि एक असा की मी दिसायचे, ऐकू यायचे नाही.
(त्या मुलाला ते आवडत असावं.)

मग इनास पोदेर.
पहिल्या बोटीनं त्याला सोडायचे.
पाव अत्यावश्यक, पाढे नव्हेत.
मी आडवी गेले, म्हटलं, इनासबाब,
उंड्यांखाली थोडी जागा होईल?
त्यानं सायकल उभी केली, निळं प्लास्टिक उचकलं,
वह्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.
"वह्यो फुगनात, बाये, पाव फुगतात,"
म्हणाला, आणि घेतल्या.

भोंगा वाजला की पोरं दारात,
एका हातात दहाची नोट, दुसऱ्यात गृहपाठ.
परत आलेल्या वह्यांना भट्टीचा वास,
पानांच्या बेचक्यात कोंडा.
तन्वेशच्या 'माझा आवडता पक्षी'ला
ऐन पोटात भोक, आणि खाली खुलासा:
बाई, हे उंदराचं आहे, माझं नाही.

तांबडी शाई मी सोडून दिली.
लांबून ती ओरडल्यासारखी दिसते.
हिरवी संपली, दुकानं बंद,
मग पेन्सिलनंच शाबास लिहायचे,
दाबून, म्हणजे पुढच्या पानावरही उमटेल.

शांतव्वा लमाणी, तिसरी.
आईबाप बांधकामावर, वहीला कव्हर नाही,
अक्षर मात्र असं की छापील रेघ वाकडी वाटावी.
गणित होतं:
एका फेरीबोटीत चाळीस माणसं, पाच फेऱ्यांत किती?
तिनं लिहिलं होतं:
बोट बंद आहे. शून्य.

फुली मारायला पेन्सिल टेकवली मी.
मग नवऱ्याला दाखवलं, तो हसला, मीही हसले,
आणि हसू संपल्यावर
बाल्कनीत उभी राहिले बराच वेळ.
खाली रिकामी नदी चालली होती.
आत येऊन लिहिलं, दहापैकी दहा.

ती वही गेली तशी परत आली.
इनास म्हणाला, खोपीला दारच नाही आता, पत्रा काढून नेलाय.
रात्री ट्रकात बसली माणसं,
मोलेच्या नाक्यापर्यंत, म्हणे.
पुढचं पोदेराला कसं ठाऊक?
उंबऱ्यावर दगडाखाली
तिच्या आईनं उधारीचे चाळीस रुपये ठेवले होते.
ते सांगताना त्यानं भोंगा उगाच पुसला.

शाळा उघडली तेव्हा फळ्यावर बेरीज होती तशी,
हातचा तेवढा गेला होता,
ओलीनं म्हणा, पालीनं म्हणा.
मी तो पुन्हा लिहिला.

सोळा आले, बाकाखाली गुडघे मावेनात.
कुणी बोलेना. इतके दिवस नुसतं लिहूनच बोललो होतो आम्ही.
हजेरी काढली, सोळा नावं झाली,
सतरावं ओठांशी आलं
आणि रस्त्यावर इनासचा भोंगा वाजला.

सगळे उठून उभे,
वह्या पुढे धरून, दाराकडे तोंड करून.

मी लगेच बसा म्हटलं नाही.