पेढ्यांच्या खोक्यावरचा नकाशा

मुलाणीकाकांनी नकाशा काढून दिला
पेढ्यांच्या रिकाम्या खोक्याच्या आतल्या बाजूला.
जिथं तुपाचे डाग होते तिथं त्यांनी तळी केली.
सगळ्यात मोठा डाग कासचा,
त्याच्याखाली बोटाएवढं महादरे,
आणि पार कडेला, पुसट, गोडोली.

अंतरं कुठंच लिहिली नाहीत.
"समर्थ मंदिर सोडलं की बोगद्याकडं जाऊ नको,
उजवी धर. पहिली धाप लागेल तिथं आंबा आहे,
दुसरी लागेल तिथं यवतेश्वर.
तिसरी लागली तर माघारी ये,
कास कुठं पळून जात नाही."

पाणीपुरवठ्यात एकतीस वर्षं.
पाटाच्या कडेनं रोज चालायचे,
खांद्यावर फावडं, खिशात शिट्टी,
खेकड्यांनी पोखरलेले काठ बुजवत,
गळती कानानं शोधत.
"पाणी वाट चुकलं की कुजबुजतं," म्हणतात.
आता गुडघे गेलेत.
किल्ल्यावरच्या टॉवरचा लाल दिवा लागला
की खिडकीतूनच चहा मागतात.

मी जन्मानं सातारची,
पण सगळी नोकरी काउंटरमागं बसून
लोकांना "पुढच्या खिडकीत जा" सांगण्यात गेली.
चार भिंतीवर एकदाच गेले होते,
स्थळ बघायला, तेही रिक्षानं.

पहिल्या रविवारी महादरे.
पाण्यात आभाळ कमी, झाडं जास्त.
एक पोरगा वही घेऊन उकिडवा बसलेला.
"मावशी, बोलू नका," म्हणाला, "ते बसलंय."
ते म्हणजे फुलपाखरू. मला काही दिसलं नाही,
पण तासभर गप्प बसले,
आणि घरी आल्यावरही दिवेलागणीपर्यंत
कुणाशी बोलावंसं वाटलं नाही.

पाटेश्वराला पिंडी मोजताना दोनदा चुकले.
अजिंक्यताऱ्याच्या तटावरून माझी बँक
काडेपेटीएवढी दिसली.
उघडून एक काडी ओढावी
असं क्षणभर वाटलं, खोटं कशाला बोलू.

दर रविवारी संध्याकाळी हजेरी.
काका देखावा विचारत नाहीत.
"काठ ओला होता? खेकडे होते का?"
एवढंच.

कासला गेले ते फुलं संपल्यावर,
गाड्या उतरून गेल्यावर.
पठारावर गवत पिवळं, वारा मोकाट.
नकाशात तळ्याच्या काठी एक फुली होती:
चपटा दगड, शेजारी जांभूळ, इथं भाकरी खायची.
मी फिरफिर फिरले. दगड नाही.
म्हशी राखणारा कोंडिबा आखाडे
माझी गंमत बघत बसला होता.
"भिंत वाढवली न्हवं का, बाई.
त्यो काठ गेला खाली. हा नवा काठ."
आणि काठीनं दाखवलं:
पाण्याबाहेर वाळका शेंडा तेवढा,
त्यावर पाणकावळा पंख पसरून बसलेला.
खोकं माझ्या हातात, फुली पाण्यात.

घाट उतरताना दोन मनं.
सांगावं? की काठ ओला होता एवढंच?
शेवटी सांगितलं.

काका बराच वेळ बशीतला चहा फुंकत राहिले.
चहा केव्हाच गार झाला होता.
मग म्हणाले, "दगडावर किती पाणी असेल? कमरेएवढं?"
"जास्त. दोन पुरुष तरी."
"दोन पुरुष!"
आणि म्हाताऱ्याचा चेहरा असा उजळला
जसा कुणी त्यांच्या पोराचा निकाल सांगितला.
"मग दाब वाढला असंल की गं.
आण ते खोकं."

फुली खोडली नाही.
तुपाच्या डागाभोवती, बोटभर बाहेरून,
थरथरत एक नवी रेघ ओढली.
"आता इथनं चालायचं."

पुढच्या रविवारी ठोसेघर.
आत जागाच उरली नाही म्हणून काकांनी
खोकं उलटं करून, दुकानाच्या नावावरच,
नुसता एक बाण काढून दिलाय.